तांब्यावरचा चेहरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. एकटी असतानाही मनातल्या मनात कधी पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही — अर्ध्यावर आलं की मी उठून काहीतरी कामाला लागते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर पहिल्या दोन वाक्यांतच म्हणाला असतात, "जाऊ दे गं, एवढं काय त्यात" — आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. तशीच आहे मी.

मी जुनी चित्रं साफ करायचे. आता निवृत्त झाले आहे, पण आयुष्यभर तेच केलं, मॅसॅच्युसेट्समधल्या एका मध्यम आकाराच्या म्युझियममध्ये. लोकांना वाटतं आम्ही चित्रांवर पुन्हा रंग लावतो. तसं नसतं. चित्र पुरं झालं की त्यावर व्हार्निश देतात. ते शे-दीडशे वर्षांत पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, आणि खालचं चित्र चहातून बघावं तसं दिसायला लागतं. ते व्हार्निश काढायचं — काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, आणि नखाएवढ्या जागेवर हलकेच फिरवायचा. फिरवायचा, बघायचं, थांबायचं. मधूनमधून कुणीतरी नंतर लावलेला रंग सापडतो, तोही काढायचा. पण मूळ चित्रकाराच्या हातचं काही काढायचं नाही. हा पहिला नियम. खरं तर हा एकच नियम. बाकी सगळं तो पाळण्यासाठी.

आता उषाकाकूंबद्दल सांगायला हवं. इथे मी जरा अडखळते.

लग्न होऊन मी श्रूजबरीला आले तेव्हा माझ्याजवळ पुण्याची केमिस्ट्रीची डिग्री होती, मुंबईच्या एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतला अनुभव होता, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे काम करायची परवानगी नव्हती. कित्येक वर्षं घरात बसले. पोळ्या केल्या, मुलगी वाढवली, खिडकीतून पार्किंग लॉट बघितला. मग परवानगी आली, तर नोकरी नाही. त्याच सुमारास मंडळाच्या गणपतीत उषाकाकू भेटल्या. वूस्टरच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर भूल देण्याचं काम करून रिटायर झालेल्या. काका नुकतेच गेले होते, मुलगा निखिल लांब मिनेसोटात, ईडन प्रेरीला. श्रूजबरीच्या मोठ्या घरात काकू एकट्या. त्यांनी मला विचारलं, "तू दिवसभर काय करतेस?" आणि माझं उत्तर ऐकून म्हणाल्या, "मग चल माझ्याबरोबर."

काकू म्युझियममध्ये दर गुरुवारी लोकांना चित्रं दाखवायच्या, हौस म्हणून. त्यांनी मला लायब्ररीमागच्या मोकळ्या जागेत आपल्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं. मग एक दिवस हेलनसमोर नेऊन उभं केलं. हेलन तिथली क्युरेटर — कुठलं चित्र कुणाचं म्हणायचं, कुठे लावायचं, हे ठरवणारी बाई. काकूंनी तिला सांगितलं की ह्या मुलीचे हात चांगले आहेत. मला आधी मदतनीस म्हणून घेतलं, मग वर्षावर्षाच्या करारावर. ती नोकरी काकूंमुळे मिळाली. म्हणजे मला जे जे मिळालं ते सगळंच.

म्युझियममध्ये मला बरेच दिवस "उषाज गर्ल" म्हणत. प्रेमानेच म्हणत.

काकूंचं एक चित्र होतं. म्हणजे म्युझियमचंच, पण सगळे त्याला काकूंचं म्हणायचे. छोटंसं स्टिल लाइफ, सतराव्या शतकातलं, अँटवर्पचं. टेबलावर फोडलेली कालवं, अर्धवट सोललेलं लिंबू, पाव, टेबलाच्या कडेबाहेर मूठ आलेली सुरी, आणि मागे चांदीचा जग. काकू त्या जगाला तांब्या म्हणायच्या, इंग्रजी बोलतानासुद्धा. "लुक अॅट द तांब्या," असं त्या शाळेतल्या मुलांना सांगायच्या आणि मुलंही तसंच म्हणायची. चित्राखालच्या पाटीवर चित्रकाराचं नाव हेंड्रिक. आडनाव इथे देत नाही.

काकूंचं म्हणणं होतं की हे चित्र हेंड्रिकचं नाही. त्याच्या बहिणीचं आहे — लिस्बेटचं.

हे त्यांना कुठून सुचलं? बघून बघून. त्या अँटवर्पला जाऊन आल्या होत्या, आणखी कुठे कुठे जाऊन हेंड्रिकच्या नावावरची चित्रं पाहून आल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच चित्रांत हाच तांब्या आहे. डाव्या बाजूला पोचा आलेला, तोच. हेंड्रिक तरुणपणीच तापाने गेला, हे पक्कं ठाऊक आहे. पण तांब्याची चित्रं त्याच्यानंतरही येतच राहिली, त्याच्याच नावाने विकली जात राहिली. घरात मागे कोण होतं? आई आणि लिस्बेट. बायकांना तिथल्या चित्रकारांच्या संघात सहसा घेत नसत. मेलेल्या भावाचं नाव खाली असलं तर चित्र खपायचं. लिस्बेटच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, दफनाची आहे. मधलं सगळं कोरं. लग्न नाही, मूल नाही, सहीचं एक चित्र नाही. काकू म्हणायच्या, "ह्या बाईने जन्मभर एकच तांब्या काढला गं. घासलाही रोज तिनेच असेल."

हेलन हे सगळं नीट ऐकून घ्यायची. पुरावा नाही, एवढंच म्हणायची, आणि तिचं चुकीचं नव्हतं.

मग काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला माझ्या खोलीतून बोलावून नेलं, मनगट धरून चित्रासमोर उभं केलं आणि हातातल्या टॉर्चने बाजूने उजेड टाकला.

"तांब्याच्या पोटावर बघ. खिडकीचं प्रतिबिंब दिसतंय ना? त्याच्या डावीकडे."

"डाग दिसतोय, काकू."

"डाग नाही. बाई आहे. ती आपल्याकडे बघतच नाहीये. स्वतःला बघते आहे."

मी वाकून पाहिलं. तपकिरी व्हार्निशखाली एक तपकिरी डाग, मसुराच्या डाळीएवढा. दुसरं काही नाही. पण तुम्हीच विचार करा — तांब्यासमोर बसून चित्र काढणाऱ्या माणसाचं प्रतिबिंब तांब्यात पडतं. तिथे बाईचा चेहरा असेल तर चित्र काढणारी बाई होती. वाद मिटला. काकूंची इतकी वर्षं, आणि लिस्बेटचं आयुष्य, त्या मसुराएवढ्या जागेवर येऊन थांबलं होतं.

हेलन हसली. नवी लेन्स बसवली की सुरुवातीला चमक येते, आकार दिसतात, असं ती म्हणाली. तिच्या आईलाही दिसले होते. पण चित्र साफ करायची वेळ झालीच होती. साफ करूया, चेहरा असेल तर वर येईलच, असं ठरलं. वसंतात काकूंनी त्यावर एक भाषण द्यायचं, हेही ठरलं. काकूंनी त्यासाठी साडी काढून ठेवल्याचं मला फोनवर सांगितलं होतं.

काम माझ्याकडे आलं. मी एकटीने करायचं ते पहिलंच चित्र.

काय झालं ते सांगते. अतिनील दिव्याखाली चित्र बघितलं की जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर कुणी लावलेला रंग काळा दिसतो. तो डाग काळा दिसला. मी ठरवून टाकलं की मधल्या काळात कुणीतरी ओरखडा झाकायला तिथे रंग थापला आहे. पण दिव्याखाली काळं दिसणारं सगळंच नंतरचं नसतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. म्हणून आधी अगदी टोकाला, सुईच्या अग्राएवढ्या जागेवर द्रावण लावून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं असतं. बाकी सगळ्या चित्रावर मी ते केलं. लिंबावर, पावावर, सुरीच्या मुठीवर — सगळीकडे. त्या जागेवर नाही केलं.

का नाही केलं? त्या दुपारी बर्फाचा इशारा होता, म्युझियम लवकर बंद होणार होतं, मुलीला शाळेतून आणायचं होतं. हे सगळं खरं आहे, आणि ह्यातलं एकही कारण नाही. कारण असं की सकाळी काकूंचा फोन आला होता. "आज तांब्या घेणार ना? त्या जागेवर जरा जपून हं, मृणाल." एवढंच म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि मला राग आला. भूल देणाऱ्या डॉक्टरने मला व्हार्निश शिकवायचं? माझ्याच कामाच्या जागी, माझ्या पहिल्या चित्रावर, अजून मी उषाज गर्लच? मी कापूस बुडवला आणि फिरवला.

व्हार्निश निघालं आणि ती दिसली.

मसुराएवढी, पण पूर्ण. पांढरी टोपी, रुंद कपाळ. डोळे बारीक केलेले — लांबचं नीट दिसावं म्हणून आपण करतो तसे. ओठ घट्ट मिटलेले. खांद्यापाशी हात उचललेला आणि हातात एक काडीसारखी रेघ, ब्रश. सुंदर नव्हती. कामात होती. हात चालूच होता, कापूस पुन्हा तिच्यावरून गेला, आणि बोळा तपकिरी झाला. तिने स्वतःचा चेहरा रंगात राळ मिसळून, अगदी पातळ थरात काढला होता, बहुधा सगळ्यात शेवटी. व्हार्निशला विरघळवणाऱ्या द्रावणाने राळही विरघळते. खाली राहिली ती करडी चांदी आणि टोपीचा एक पांढरा ठिपका.

मग उठले. बोळा कचऱ्यात टाकला आणि मुलीला आणायला गेले. तिने गाडीत विचारलं, "आर यू सिक, आई?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

पुढच्या आठवड्यात मी बारीक ब्रश घेतला आणि त्या ठिपक्याभोवती चांदी भरली. खिडकीची चमक थोडी डावीकडे ओढली. आमच्या कामात झिजलेल्या जागी रंग भरायला परवानगी असते, त्यामुळे कुणाला वावगं वाटणार नव्हतं. अहवालात लिहिलं — नंतरच्या काळातला रंगाचा डाग काढला. एक ओळ. आधीचे फोटो होते, पण त्यांत तो डागच दिसत होता. चेहरा व्हार्निशखाली होता, आणि व्हार्निशखालून तो फक्त एका माणसाला दिसला होता.

काकू चित्र बघायला आल्या त्या दिवशी हेलन, मी आणि त्या, तिघीच होतो. चित्र उजळून निघालं होतं. लिंबाची साल खरी ओली वाटत होती. हेलन खूश होती. काकूंनी सगळं चित्र आधी सावकाश पाहिलं, पाहुण्याला आधी पाणी विचारावं तसं, आणि मग त्या तांब्याकडे वळल्या. टॉर्च काढला. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. चष्मा काढून बघितलं.

मग माझ्याकडे वळून मराठीत बोलल्या. हे मला फार नंतर कळलं — त्या मुद्दाम मराठीत बोलल्या. हेलनला कळू नये म्हणून. मला काही सांगायचं असेल तर आम्हा दोघींतच राहावं म्हणून.

"मृणाल, इथे होती गं ती."

"तिथे नंतरचा रंग होता, काकू. कुणीतरी ओरखडा झाकायला लावलेला. मी काढला."

"चेहरा नव्हता?"

"नव्हता."

"तू नीट बघितलंस ना?"

"मायक्रोस्कोपखाली बघितलं, काकू. चेहरा नव्हता."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं — टेबलावर निजलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं आणि आत काय चाललंय ते ओळखायचं. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी टॉर्च बंद केला आणि हेलनला इंग्रजीत म्हणाल्या, "माय आइज, यू नो. यू वेअर राइट." आणि हसल्या. हेलनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मीही ठेवला.

भाषण काकूंनी स्वतःच कॅन्सल केलं. मी म्हणाले होते, बाकीच्या मुद्द्यांवर बोला ना, तांब्याच्या पोच्यावर बोला. हो, हे मी म्हणाले. तेवढं बोलायला माझी जीभ रेटली. त्या म्हणाल्या, "नको गं. जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते नव्हतंच म्हटल्यावर बाकीचं तरी कशावरून?"

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, एका म्हाताऱ्या बाईचा छंद सुटला. स्वतःलाही मी तसंच सांगत होते. पण ते तिथे थांबलं नाही.

काकूंच्या नोकरीतली एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. एका ऑपरेशनमध्ये सगळी यंत्रं ठीक आकडे दाखवत होती आणि काकूंना पेशंटचे ओठ वेगळे वाटले. जरासेच. त्यांनी सर्जनला थांबायला सांगितलं. सर्जन चिडला — साडी नेसून पार्टीला येणारी ही बाई मला थांबवते? पण त्या अडून बसल्या, आणि बघतात तर श्वासाची नळी सरकलेली. तो माणूस जगला. पुढे कित्येक वर्षं नाताळात त्याचं कार्ड यायचं. ही गोष्ट सांगताना काकू ताठ बसायच्या. ह्या देशात त्यांना ज्या एका गोष्टीवर कुणी शंका घेऊ शकत नव्हतं ती म्हणजे त्यांची नजर, आणि हे त्यांना माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात माझ्या घरी जेवायला आल्या होत्या. माझ्या मुलीने लाडाने म्हटलं, "टेल द ब्लू लिप्स स्टोरी, आजी." काकूंनी ताटातला घास तसाच ठेवला. म्हणाल्या, "कोण जाणे बेटा. तेव्हाही मला दिसलं असं वाटलं असेल. नळी सरकलेली निघाली, हा योगायोग." आणि मला म्हणाल्या, "किती माणसं माझ्या भरवशावर झोपली गं. मला काय काय दिसलं नसेल, आणि नसलेलं काय काय दिसलं असेल."

मी त्यांना वरण वाढलं. आणखी काय केलं? काही नाही. वरण वाढलं.

निखिल आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. आधी डोळ्यांच्या, मग मेंदूच्या. घड्याळ काढायला लावतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, तसल्या तपासण्या. सगळं ठीक निघालं. पण काकूंनी स्वतःहून गाडी चालवणं सोडलं. म्हणाल्या, समोर नसलेलं माणूस मला दिसलं तर निदान ब्रेक तरी लावीन, असलेलं दिसलं नाही तर? गाडी नाही म्हणजे श्रूजबरीत जगणं नाही. पुढच्या वर्षी घर विकलं आणि त्या ईडन प्रेरीला निखिलच्या घरी गेल्या. घर आवरायला मीच मदत केली. अँटवर्पहून आणलेली चित्रांची पुस्तकं म्युझियमला द्यायची की रद्दीत टाकायची, हे त्यांनी मला विचारलं. तूच ठरव म्हणाल्या, तुला त्यातलं कळतं.

माझं मात्र चांगलं चाललं. त्या चित्राने माझं नाव झालं. करार गेला, कायमची नोकरी आली, मग विभागाची प्रमुख झाले. ते चित्र म्युझियमच्या कॅलेंडरवर आलं, दुकानातल्या पिशव्यांवर आलं. लोक सगळ्यात जास्त कौतुक तांब्यावरच्या चमकेचं करतात. विद्यार्थी तिच्यासमोर बसून स्केच करतात, हेंड्रिकने उजेड कसा पकडला ते शिकतात. ती चमक माझी आहे. पाटीवर अजून हेंड्रिकच आहे. मी त्या चित्रावर कितीतरी व्याख्यानं दिली, आणि दर वेळी कुणीतरी विचारायचं — ह्या चित्रकाराबद्दल आपल्याला काय माहीत आहे? मी सांगायचे, फारसं नाही.

आता एक दुरुस्ती करायची आहे. मघाशी मी म्हणाले, हात चालूच होता आणि कापूस पुन्हा तिच्यावरून गेला. तुम्ही ते ऐकलंत आणि बहुधा मान्यही केलंत. अपघात. होतात असे अपघात, चांगल्या हातांकडूनही होतात. मीसुद्धा इतकी वर्षं स्वतःला तेच सांगितलं — आधी हात गेला, मग कळलं.

तसं नव्हतं. आधी मला ती दिसली. स्पष्ट दिसली, नाहीतर बारीक केलेले डोळे आणि मिटलेले ओठ मला कसे सांगता आले असते? हात थांबलेला होता. कापूस तिच्यापासून केसभर वर होता. आणि त्या वेळात माझ्या मनात लिस्बेट नव्हती, चित्र नव्हतं, नियम नव्हता. मनात एवढंच आलं की काकू बरोबर निघाल्या. आता वसंतात त्या साडी नेसून भाषण देतील, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतील, आणि मी, जिने ते वर आणलं, ती बाजूला उभी असेन. काकूंनी नोकरीला लावलेली मुलगी.

मग मी हात खाली टेकवला आणि फिरवला.

मला तिला पुसायचं होतं का? मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की ज्याला पुसायचं नसतं तो माणूस हात टेकवत नाही. आणि ज्या बाईने स्वतःचं नाव कुठेच लिहिलं नाही, फक्त एका तांब्यात एवढंसं तोंड ठेवलं, ते तोंड जगात पाहिलेल्या दोघी जणी होत्या. एकीला मी सांगितलं की तू पाहिलंच नाहीस. दुसरी मी.

काकू गेल्या हिवाळ्यात वारल्या. झोपेत, निखिलच्या घरी. मधल्या वर्षांत मी त्यांना दिवाळीला फोन करायचे, वाढदिवसाला करायचे. दोनेकदा जाऊनही आले. प्रत्येक वेळी विमानात वाक्य तयार केलं होतं. प्रत्येक वेळी त्यांनी दार उघडून म्हटलं, "आलीस? किती बारीक झालीस," आणि वाक्य गेलं. त्यांची स्मृती शेवटपर्यंत लख्ख होती. म्हणजे मी सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं. उशीर झाला होता असं मी म्हणू शकत नाही. कधीच उशीर झाला नव्हता, अगदी शेवटच्या दिवाळीपर्यंत.

निखिलने तिकडच्या कम्युनिटी हॉलमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला होता. तिथली मराठी मंडळी, त्याच्या ऑफिसातले लोक, काकूंचे जुने दोन सहकारी. निखिल फोनवर म्हणाला होता, यू शुड स्पीक, तुम्ही तिला सगळ्यांत जास्त ओळखत होता. मी बोलले. काकूंनी मला ड्रायव्हिंग कसं शिकवलं ते सांगितलं, लोक हसले. म्युझियममधल्या मुलांना त्या कशी चित्रं दाखवायच्या ते सांगितलं. लिस्बेटचं नाव घेतलं नाही. खाली उतरले तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

नंतर निखिल माझ्याजवळ आला. पन्नाशीचा मोठा माणूस, डोळे लाल झालेले. त्याला मराठी कळतं, बोलायला जड जातं. तो म्हणाला, "आई युज्ड टू से, सगळे तिला गोड बोलून फसवतात. हर आइज, हर मेमरी, एव्हरीथिंग. शी सेड, फक्त मृणालने मला खरं सांगितलं, आणि तेही माझ्या भाषेत. आय जस्ट वाँटेड यू टू नो दॅट."

मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि थँक यू म्हणाले.

मग त्याच्या बायकोने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी रांगेत उभी राहिले, ताट वाढून घेतलं, आणि पोटभर जेवले.